आमच्या पद्मिनीचा रंग

मुलांनो, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आमची जुनी प्रीमियर पद्मिनी मी कोळवणला अंगणातच रंगवली. पहिल्यांदा घाई नडली. गंजावरच रंग फासला. मुळशीचा पाऊस तो! दिवाळीपर्यंत दारावर फोड आले. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो, अन् रंगाखाली लपूनही पसरतो.

मग उन्हाळ्याच्या सुटीत पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, खड्ड्यांत लांबी भरली, प्रायमर लावला, मगच रंगाचे पातळ हात दिले. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला मास्क. मुलांना मी लांबच बसवलं होतं हं!

यंदाचा पाऊस सरला. दार गुळगुळीत आहे. डिकीवर मात्र एक ओघळ राहिलाच.