क्लचवरचा पाय का थरथरतो?

"डॉक्टरसाहेब, धडधड थांबवायची एखादी गोळी द्या. आता नापास झाले तर घरात तोंड दाखवायची सोय नाही."

बावन्न वर्षांच्या या बाई चारचाकीच्या चाचणीत तीनदा नापास झाल्या. यजमानांना अर्धांगवायू झालेला. व्यायामोपचारासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. गाडी दारात उभी, पण रोजंदारीचा ड्रायव्हर परवडत नाही. मुलगा शेजारी बसला की बाई व्यवस्थित चालवतात. आरटीओचे साहेब कागद घेऊन उभे राहिले की डावा पाय थरथरतो, क्लच एकदम सुटतो आणि गाडी बंद पडते.

हा भित्रेपणा नव्हे. कोणी आपली पारख करतो आहे म्हटले की शरीरात अॅड्रेनलिन वाढते. छाती धडधडते, तळवे घामेजतात, स्नायूंना बारीक कंप सुटतो. अर्धा क्लच धरणे हे नाजूक काम, त्यामुळे थरथर नेमकी तिथेच उघडी पडते. थोडी धाकधूक माणसाला सावध ठेवते. फार झाली की येत असलेलेही चुकते. यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 साली उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा अवघड काम शिकताना जोराचे झटके बसलेले उंदीर मागेच पडले होते!

गोळी मी दिली नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी गुंगी येते. ती घेऊन स्टिअरिंगवर बसणे धोक्याचेच. प्रोप्रानोलॉलने धडधड आणि कंप कमी होतो खरा, पण बाईंना दमा आहे आणि दमेकऱ्याला या गोळीने श्वास कोंडण्याचा धोका असतो. शेजारणीला चालली म्हणून आपण घ्यावी, अशी ती वस्तू नाही.

कायद्यानुसार नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते; तीनदा नापास झाल्यास मात्र 60 दिवस थांबावे लागते. कच्च्या लायसन्सची मुदत सहा महिन्यांचीच असते, तेवढी तारीख पाहून ठेवावी. या दिवसांत निव्वळ गाडी चालवून भागत नाही, कोणी बघत असताना चालवण्याची सवय करावी लागते. बाईंना सांगितले, मोकळ्या मैदानात मुलाला शेजारी बसवा आणि दिरांना वही देऊन समोर उभे करा. त्यांनी अवाक्षर बोलायचे नाही. गाडी मुद्दाम बंद पाडा. ब्रेक, न्यूट्रल, पुन्हा चालू, हे हाताला बसू द्या. निघण्यापूर्वी दोन-तीनदा श्वास सावकाश सोडा. चाचणीच्या दिवशी उपाशीपोटी चहावर चहा नको. त्यानेही धडधड वाढते.

जाता जाता चष्म्याचे विचारले. चार वर्षांपूर्वीचा! 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असे अर्जात विचारलेले असते. आपण न तपासताच 'होय' लिहून मोकळे होतो. खिडकीतून समोरच्या जीपचा नंबर वाचायला सांगितला. शेवटचे दोन आकडे बाईंना वाचता आले नाहीत. आधी नेत्रतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे.