दोन मिलिमीटरची नजर

मोतीबिंदू काढला की पुन्हा लख्ख दिसतं, हे घरोघरी ठाऊक आहे. उतारवयात दृष्टिपटलाचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजत गेला तर मात्र चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी उपयोग होत नाही. कडेचं सगळं दिसतं. ज्या शब्दावर नजर रोखावी नेमका तोच डागाआड जातो.

या आजाराच्या कोरड्या प्रकारात शेवटी मॅक्युलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. पण त्यांचा निरोप पुढे मेंदूकडे धाडणाऱ्या चेतापेशी पुष्कळशा जिवंत राहतात, आणि त्यांना विजेनेही जागं करता येतं! 1755 साली फ्रान्समध्ये शार्ल ल रुआ या वैद्याने एका अंध रुग्णाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून विजेचा झटका दिला, तेव्हा त्याला डोळ्यांसमोरून एक ज्वाळा झरकन खाली उतरताना दिसली. दृष्टी काही परतली नाही.

आता त्या ज्वाळेची अक्षरं होऊ लागली आहेत. स्टॅनफर्डचे डॅनिएल पॅलँकर यांच्या कल्पनेतून घडलेली 'प्रिमा' ही चिप दोन मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि जाडीला केसाहून पातळ. तिच्यावर 378 पिक्सेल. मृत पेशींच्या जागी, दृष्टिपटलाखाली ती सरकवतात. तिला ना तार, ना बॅटरी. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो, सोबतचा छोटा संगणक ते मोठं आणि ठळक करतो आणि चष्मा तेच चित्र अवरक्त किरणांनी चिपवर पाडतो. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक इवलासा सौरघट. पडलेल्या किरणांची तो जागच्या जागी वीज करतो आणि शेजारच्या चेतापेशींना चेतवतो. चित्र आणणारा प्रकाशच चिपला वीजही पुरवतो! मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. शिवाय अवरक्त किरण डोळ्याला दिसत नाहीत, त्यामुळे कडेची शाबूत नजर दिपत नाही आणि दोन्ही दृश्यं एकत्र वापरता येतात.

युरोपातल्या पाच देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. चिप 38 जणांना बसवली होती. वर्षभराने तपासलेल्या 32 पैकी 26 जणांची दृष्टी लक्षणीय सुधारली होती. तक्त्यावरची सरासरी 25 अक्षरं, म्हणजे पाच ओळी, जास्त वाचता येऊ लागल्या. एकाला तर 59 अक्षरं जास्त. काहींना शस्त्रक्रियेनंतर डोळ्यातला दाब वाढणं, रक्तस्राव असे त्रास झाले. बहुतेक दोन महिन्यांत आटोक्यात आले.

हे दिसणं सहज मिळत नाही. कित्येक महिने सराव करावा लागतो. रंग नाहीत, करड्या छटाही नाहीत, त्यामुळे चेहरे ओळखणं अजून लांबच. अक्षर किती बारीक दिसणार हे पिक्सेलच्या आकारावर ठरतं, आणि आजचा पिक्सेल 100 मायक्रॉनचा आहे. पॅलँकर यांच्या प्रयोगशाळेत 20 मायक्रॉनच्या पिक्सेलची चिप उंदरांच्या डोळ्यांत तपासून झाली आहे.