तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का?

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून चमत्कारिक बातम्या येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचं डोकं खाजायचं, दोन-तीन दिवसांत केस मुठीत यायचे आणि आठवडा संपायच्या आत टक्कल पडायचं. बाधितांचा आकडा बघता बघता अडीचशेच्या पुढे गेला. पहिला संशय अर्थातच पाण्यावर. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी, त्यात नायट्रेट जास्त निघालेलं. आरोपी आयताच सापडला. मग बुरशीचं नाव पुढे आलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर मात्र रेशनच्या गव्हाकडे वळले. विंचूदंशावरच्या उपचारामुळे कोकणाला हे नाव चांगलं ठाऊक आहे. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कितीतरी पट जास्त, जस्त कमी आणि गव्हात किलोमागे चौदा मिलिग्रॅमहून अधिक सेलेनियम, असं त्यांनी फेब्रुवारीत मांडलं. एप्रिलमध्ये त्याच भागात लोकांची नखंही गळू लागली. केसांपाठोपाठ नखं जाणं ही सेलेनियमच्या विषबाधेची जुनी ओळख.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यासारख्या गावात गोष्ट इतकी नाट्यमय नसते, पण पाण्यावरचा राग तोच. खाडीलगतची विहीर उन्हाळ्यात मचूळ झाली की ‘पाणी बदालला म्हणान केस गळतत’ हे निदान घरातच होऊन जातं. मचूळ किंवा जड पाण्याने केस राठ होतात, साबणाला फेस येत नाही, टोकं तुटतात, हे खरं. पण मुळापर्यंत त्या पाण्याची मजल जात नाही. शंका असेल तर कंगव्यातला केस उजेडात धरून बघावा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून सुटलेला. गाठ नाही, तुकडा आखूड, म्हणजे मधूनच तुटलेला. दोन्हींचे उपाय वेगळे.

आणि रोज पन्नास ते शंभर केस जाणं हा आजारच नव्हे. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्या बाईला सगळ्या दिवसांचा हिशेब मोरीच्या जाळीवर एकदम दिसतो, एवढंच.

डॉक्टरकडे येणारे पुष्कळसे लोक कालपरवा काय बदललं ते सांगतात: नवा शाम्पू, नवं तेल, हेल्मेट. विचारायला हवं ते तीन महिन्यांपूर्वीचं. केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि पडतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमारीचं डाएट अशा धक्क्याने खूपसे केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे पावसाळ्यातल्या डेंगी किंवा लेप्टोचा हिशेब दिवाळीच्या सुमारास चुकता होतो. दोडामार्ग-बांद्याकडे २०१६-१७ पासून ठाऊक झालेला माकडताप उन्हाळ्याच्या तोंडावर येतो; त्यानंतर केस गळले तर ते ऐन पावसात, आणि बोल लागतो दमट हवेला. बाळंतिणीचे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जातात तेव्हा घरचे म्हणतात, बाळ हसायला लागलं म्हणून गेले! कारण दूर झालेलं असेल तर ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. या काळात लावलेल्या प्रत्येक तेलाला यश मिळतं ते त्यामुळेच.

तेलाची बदनामी करण्याचं कारण नाही. मॅरिको कंपनीच्या रेले आणि मोहिले यांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. (कंपनी खोबरेलच विकते, हे लक्षात ठेवून वाचावं.) म्हणजे तुटणं कमी होतं. नवा केस उगवतो, असं त्यात कुठेही नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात गळती तपासायला यंत्रं लागत नाहीत. खिडकीपाशी बसवून भांग पाडून बघायचं, मग पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकाकडे हलकेच ओढायची. सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. बाईचा भांगच रुंदावत असेल किंवा पुरुषाच्या कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील तर ती आनुवंशिक विरळता. ती फक्त आजोळकडून येते हा समज अर्धवट आहे. जनुकं दोन्ही घरांची असतात. बायकांत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघावं. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, तिथे लोहाची तपासणी टाळून शाम्पू बदलत बसणं ही चैन झाली.

मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या ‘केसांच्या गोळ्यां’बद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. बायोटिनची खरी कमतरता विरळा. उलट जास्त बायोटिनमुळे थायरॉइडची आणि हृदयविकाराच्या झटक्याची रक्ततपासणी चुकू शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला. यातल्या बऱ्याच गोळ्यांत सेलेनियमही असतं. मोठ्या माणसाला ते दिवसाला पंचावन्न मायक्रोग्रॅम पुरतं. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्याने वेष्टन वाचलेलं बरं.

रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की ‘चाई लागली’, किड्याने केस खाल्ले, असं म्हणतात. किडा नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. बिब्बा किंवा लसूण चोळून कातडी भाजते आणि मूळ दुखण्याला दुसरं जोडलं जातं. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात भरून येतात. नाही आले तर चट्ट्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. मुलाच्या चट्ट्यावर कोंडा आणि तुटके खुंट दिसले तर ती बुरशी समजावी, आणि तिला नुसतं मलम पुरत नाही. काही आठवडे पोटातून औषध लागतं. अशा चट्ट्याला पूभरली सूज आली की गळू समजून कापलंही जातं. ते टाळावं.

आनुवंशिक विरळतेवर मिनॉक्सिडिल लावतात. हे मुळात रक्तदाबाचं औषध. सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढते, म्हणून बरेच जण बाटली तिथेच टाकून देतात. खरं तर निदान चार महिने थांबायला हवं, आणि बंद केलं की मिळालेलं हळूहळू जातं. याच विरळतेवरची दुसरी गोळी, फिनास्टेराइड, गर्भधारणेची शक्यता असलेल्या बाईने घेऊ नये.

घाई करायची ती एकाच चित्रात: चट्टा चकचकीत, केसांची छिद्रं दिसेनाशी, भोवती लाली, आग किंवा दुखणं. तिथे मुळांच्या जागी व्रण होत असतो. सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालयात दाखवून गरज पडेल तर गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जावं आणि बायोप्सी करून घ्यावी, कारण छिद्र बुजलं की तिथे पुन्हा केस येत नाही. उपचाराने वाचतात ते आजूबाजूचे.