कल्पनारम्य कादंबरीतील व्हॅम्पायरचे बदलते चित्रण

मृत्यूनंतरही रक्तावर जगणारा व्हॅम्पायर हे पाश्चात्त्य कल्पनारम्य साहित्यातील महत्त्वाचे पात्र होय. त्याच्या चित्रणातील बदल समजून घेताना कथा कोणाच्या दृष्टीतून येते, हे पाहणे आवश्यक ठरते.

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी प्रामुख्याने रोजनिश्या व पत्रे यांतून उलगडते. परंतु निवेदकांमध्ये ड्रॅक्युलाला स्थान नाही. त्यामुळे तो परका व भयकारक राहतो. रिचर्ड मॅथेसन यांच्या ‘आय अ‍ॅम लिजंड’मध्ये (१९५४) व्हॅम्पायर होण्यामागे जिवाणू आहे, अखेरीस नव्या समाजाला उरलेला एकमेव माणूसच भयंकर वाटतो. अ‍ॅन राइस यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये (१९७६) लुई स्वतःच आपली कहाणी सांगतो आणि वाचकाला त्याची अपराधभावना जाणवते. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये (२००५) निवेदन प्रेमात पडलेल्या मानवी तरुणीचे आहे, तेथील कलन कुटुंब मानवी रक्त वर्ज्य मानून प्राण्यांच्या रक्तावर जगते.

रक्ताची तहान या चारही कादंबऱ्यांत कायम आहे. सारांश, परक्याविषयीची भीती त्याच्या स्वभावाइतकीच त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या भूमिकेवरही अवलंबून असते, असे या कादंबऱ्यांवरून दिसून येते.