इटलीच्या बंदरावरील सफरींचा धंदा : विकली जाते ती वेळेची हमी

इटली म्हटले की रोमचे कोलोसियम, पिसाचा झुकलेला मनोरा आणि व्हेनिसचे कालवे डोळ्यांसमोर येतात. पण दरवर्षी लाखो प्रवासी ही शहरे मुक्काम न करता पाहतात. मोठे प्रवासी जहाज सकाळी बंदराला लागते, प्रवासी उतरून बसमध्ये बसतात, गाइड त्यांना शहर किंवा खेडे दाखवून आणतो आणि संध्याकाळी जहाज पुढच्या बंदराकडे निघते. या एका दिवसाच्या सहलीला जहाजाच्या भाषेत ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणतात. आपण तिला किनारा-सफर म्हणू. वरवर हा हौसेचा मामला दिसतो, पण त्यामागे एक पक्की तिजारत उभी आहे. तिच्यातून कोण कमावतो, कोण रिकाम्या हाताने राहतो आणि का, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

दहा तासांचा हिशेब

रोम समुद्रावर नाही. रोमला जाणारी जहाजे चिव्हितावेक्किया या बंदराला लागतात. सम्राट त्राजान याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधलेले हे बंदर रोमपासून सुमारे ७० ते ८० किलोमीटरवर आहे. आज ते युरोपातील सर्वांत गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक असून २०२३ साली तेथून ३३ लाखांच्या आसपास क्रूझ प्रवाशांची ये-जा झाली.

आता समजा, जहाज सकाळी सातला लागले आणि संध्याकाळी सातला सुटणार आहे. कागदावर बारा तास दिसतात. प्रत्यक्षात प्रवासी खाली उतरून बसमध्ये बसेपर्यंत आठ वाजतात, आणि जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सर्वांना वर चढावे लागते. म्हणजे बस सहाच्या सुमारास बंदरात पोहोचलीच पाहिजे. उरले दहा तास. रोमला जाण्यायेण्यात तीन ते साडेतीन तास गेले, जेवणात एक तास गेला, की हातात जेमतेम साडेपाच तास राहतात. तेवढ्यात व्हॅटिकनचे संग्रहालय, सेंट पीटरचे चर्च आणि कोलोसियम बसवायचे असते.

फ्लॉरेन्सची गोष्ट अशीच आहे. जहाज लिव्होर्नोला लागते आणि फ्लॉरेन्स तेथून सुमारे ९० किलोमीटर आत आहे. नेपल्सच्या प्रवाशांचे मात्र नशीब चांगले. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडून टाकलेले पाँपेई शहर बंदरापासून अवघ्या २५ किलोमीटरवर आहे.

यात वारही पाहावा लागतो. फ्लॉरेन्सची प्रसिद्ध उफिझी गॅलरी सोमवारी बंद असते. व्हॅटिकनचे संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी उघडत नाही. ज्याचे जहाज चुकीच्या वारी लागले, त्याने कितीही पैसे मोजले तरी ती दारे उघडणार नाहीत.

पैसा जातो कुठे?

चिव्हितावेक्कियाहून रोमला साधी रेल्वे जाते आणि तिचे तिकीट पाच युरोंच्या आसपास असते. जहाज कंपनीमार्फत हीच रोमची सफर घेतली तर माणशी शंभर डॉलरच्या पुढे आकार पडतो. वाचक विचारतील, एवढ्या फरकात गिऱ्हाईक नेमके काय विकत घेतो? बस, गाइड आणि प्रवेशाचे तिकीट हे तर आलेच. पण खरी किंमत आहे ती हमीची. कंपनीच्या सफरीवरील बसला उशीर झाला तर जहाज थांबते, किंवा कंपनी आपल्या खर्चाने प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवते. जो स्वतःच्या जबाबदारीवर गेला आणि उशिरा परतला, त्याच्यासाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च त्याचा त्याने करायचा. परदेशात, बायकामुलांसह, सामान जहाजावर आणि आपण धक्क्यावर, ही भीतीच या धंद्याचे भांडवल आहे.

ही सफर चालवतो मात्र दुसराच. जहाज कंपनी स्थानिक एजन्सीला काम देते, एजन्सी बसवाल्याला आणि गाइडला लावते. गिऱ्हाईक कंपनीच्या हातात असल्यामुळे दर कंपनी ठरवते आणि खालच्या प्रत्येकाला त्यातच भागवावे लागते. या उत्पन्नाचे महत्त्व समजण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. कार्निव्हल या जगातील सर्वांत मोठ्या क्रूझ समूहाला २०२३ साली सुमारे २१.६ अब्ज डॉलर उत्पन्न झाले. त्यातील सुमारे ७.५ अब्ज डॉलर तिकिटाबाहेरच्या खर्चातून आले. त्यात खाणेपिणे, दुकाने, कॅसिनो आणि या किनारा-सफरी सगळे येते. म्हणजे तिकीट स्वस्त आणि नफा वरखर्चात, असा हा हिशेब आहे.

लहान व्यापारी टिकतो कसा?

तरीही इटलीच्या प्रत्येक बंदरात लहान सफरवाले आहेत आणि ते टिकून आहेत. त्यांच्याकडे पन्नास आसनांची बस नसते, आठ माणसांची गाडी असते. एका कुटुंबाला किंवा दोन मित्रपरिवारांना ते घेऊन जातात, म्हाताऱ्यांच्या चालीने चालतात, गिऱ्हाइकाला नको ते वगळतात. माणशी दर अनेकदा कंपनीपेक्षा कमी पडतो. त्यातील शहाणे व्यापारी वेळेवर परत आणण्याची हमी लेखी देतात, आणि चूक त्यांची असेल तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च उचलण्याचे कबूल करतात. जहाज कंपनीकडे जे सर्वांत मोठे हत्यार होते, तेच त्यांनी हाती घेतले. गिऱ्हाइकाची वेळ ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, हे ज्याला समजले त्याचा धंदा चालला.

कायद्याची चौकटही कडक आहे. पैसे घेऊन प्राचीन वास्तू समजावून सांगायच्या तर इटलीत परवाना लागतो. पूर्वी हा परवाना प्रांतवार मिळे. २०२३ च्या कायद्याने सर्व देशासाठी एकच परीक्षा आणि एकच यादी ठरवली. बसचालकांवर युरोपीय संघाचा नियम आहे. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. रोम आणि फ्लॉरेन्समध्ये पर्यटक बसला शिरण्यासाठी वेगळी फी भरावी लागते. म्हणून ‘एका दिवसात सगळे दाखवतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

जेथे मागणी जास्त तेथे साठेबाजही येतात. कोलोसियमची तिकिटे यंत्राच्या साहाय्याने घाऊक उचलून चढ्या दराने सफरींबरोबर विकण्याचा प्रकार बराच काळ चालला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तेथे तिकिटावर नाव लिहिले जाऊ लागले. एप्रिल २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामक संस्थेने या प्रकरणात तिकीट विकणाऱ्या संस्थेला आणि काही सफर कंपन्यांना मिळून सुमारे २ कोटी युरोंचा दंड केला. धान्य असो की तिकीट, साठेबाजीचा स्वभाव एकच.

खेड्याकडे गेलेला पैसा

शहरातील गर्दीला कंटाळलेले प्रवासी आता ग्रामीण भागाकडे वळतात. लिव्होर्नोहून तोस्कानाच्या टेकड्यांवर, नेपल्सकडून सोरेन्तोच्या लिंबांच्या बागांत किंवा म्हशीच्या दुधाचे मोत्झारेल्ला चीज बनते त्या गोठ्यांत सफरी जातात. ला स्पेत्सिया बंदरातून समुद्रकाठच्या चिन्क्वे तेर्रे या पाच गावांना जाता येते. तेथून काराराच्या संगमरवराच्या खाणीही जवळ आहेत. मुंबईच्या इमारतींत ‘इटालियन मार्बल’ म्हणून मिरवणाऱ्या दगडातील एक नामांकित जात याच डोंगरांतून येते. मायकेलअँजेलो आपल्या मूर्तींसाठी येथूनच दगड निवडून नेत असे.

येथे इटलीच्या एका कायद्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. १९८५ साली इटलीने शेतावरील पाहुणचारासाठी खास कायदा केला आणि २००६ साली तो सुधारला. त्यातील मुख्य अट अशी की पाहुणे ठेवण्याचा परवाना शेतकऱ्यालाच मिळतो आणि शेती हाच त्याचा प्रमुख व्यवसाय राहिला पाहिजे. शेत विकत घेऊन नुसते हॉटेल थाटणाऱ्याला हे नाव लावता येत नाही. त्यामुळे जेवणाचा, तेलाचा, चीजचा पैसा शेतकऱ्याच्या घरात जातो आणि जमीन पिकत राहते.

गर्दीचे ओझे

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका मोठ्या जहाजातून तीन-चार हजार माणसे एकदम उतरतात. त्यांचे राहणे आणि बहुतेक खाणे जहाजावरच होते. शहराच्या वाट्याला गर्दी, धूर आणि कचरा येतो, पैसा थोडाच. व्हेनिसमध्ये हा राग वर्षानुवर्षे साचत होता. २ जून २०१९ रोजी एक अवाढव्य जहाज कालव्यात धक्क्यावर आणि पर्यटकांच्या बोटीवर आदळले. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जाण्यास बंदी झाली. आता अनेक जहाजे मार्गेरा या औद्योगिक बंदरात, तर काही त्रिएस्ते किंवा राव्हेन्ना येथे लागतात. २०२४ पासून व्हेनिसने ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेश फी लावली, गाइडबरोबरच्या गटाला २५ माणसांची मर्यादा घातली आणि भोंगे बंद केले. पाँपेईतही नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारांहून अधिक लोकांना आत सोडत नाहीत.

खुद्द बंदराच्या गावांकडे तर कोणी पाहतही नाही. लिव्होर्नोचेच घ्या. १५९१ ते १५९३ या काळात तेथील राज्यकर्ता फर्दिनान्दो मेदिची याने फर्मान काढून ज्यू, तुर्क, मूर, आर्मेनियन, इराणी अशा सर्व व्यापाऱ्यांना या बंदरात बोलावले, सवलती दिल्या आणि गाव भरभराटले. त्याच फर्दिनान्दोच्या पुतळ्याखाली साखळदंडाने बांधलेल्या चार मूर कैद्यांच्या ब्राँझच्या मूर्ती आजही आहेत. तिजारतीचा इतिहास आणि गुलामीचा इतिहास एकाच धक्क्यावर उभा आहे, पण सफरीच्या बसेस तेथे न थांबता फ्लॉरेन्सकडे निघून जातात.

याउलट सिसिलीचे पालेर्मो पाहा. येथे शहर बंदरालाच लागून असल्याने बसची गरज नाही. ८३१ ते १०७२ पर्यंत हे शहर अरबांच्या ताब्यात होते. नंतर आलेल्या नॉर्मन राजांनी अरब कारागिरांची कदर केली. राजवाड्यातील प्रार्थनागृहाचे लाकडी छत अरबी कलेचा उत्तम नमुना आहे आणि शहराच्या मुख्य चर्चच्या दारापाशी कुराणातील आयत कोरलेला खांब आहे. भूगोलवेत्ता अल-इद्रिसी याने ११५४ साली आपला प्रख्यात ग्रंथ राजा रॉजर दुसरा याच्यासाठी येथेच पूर्ण केला. २०१५ साली युनेस्कोने या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पायी फिरणारा पाहुणा येथल्याच बाजारात खातो आणि पैसा गावात राहतो.

आपल्या वाचकांसाठी

कोकणातील अनेक घरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर नोकरी करत आली आहेत. आता काही कुटुंबे प्रवासी म्हणूनही निघतात. त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खाली उतरायचे तर शेंगेन व्हिसा हवा, आणि जहाज मध्येच तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला जाऊन परत येणार असेल तर तो अनेक वेळा प्रवेशाचा हवा. पैसे भरण्याआधी विचारावे : प्रवेशाची तिकिटे धरून दर आहे का? प्रत्यक्ष शहरात किती तास मिळतात? उशीर झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि ती कागदावर आहे का? ग्रामीण सफरींत वाइन चाखण्याचा कार्यक्रम अनेकदा असतो आणि जेवण ठरलेले असते, म्हणून ऑलिव्ह तेल, चीज किंवा लिंबाच्या बागेची सफर निवडावी आणि जेवणाबद्दल आधीच कळवावे. पालेर्मो किंवा नेपल्समध्ये स्वतः पायी फिरण्यात फारसा धोका नाही. रोम आणि फ्लॉरेन्सला स्वतः जायचे तर परतीसाठी शेवटची नव्हे, त्याआधीची गाडी धरावी.

आणि ज्यांना प्रवासी वाहतुकीचा किंवा सहलींचा धंदा करायचा आहे, त्यांच्यासाठी इटलीच्या धक्क्यावरचा धडा स्पष्ट आहे. गाडी कोणीही घेऊ शकतो, माहितीही कोणी पाठ करू शकतो. पाहुण्याला सांगितलेल्या वेळी परत आणून सोडण्याची जबाबदारी जो अंगावर घेतो, गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाते आणि दर ठरवण्याचा हक्कही त्यालाच मिळतो.