कालसमाप्ती, सर्व्हरची

संगणकजालावरून पाठविलेली मागणी ठराविक अवधीत पुरी न झाल्यास ती सोडून देऊन जोडणी तोडण्याच्या क्रियेस कालसमाप्ती किंवा टाइमआउट म्हणतात. संकेतस्थळावरील छायाचित्रदालनात एकाच वेळी अनेक छायाचित्रे चढविताना, म्हणजे अपलोड करताना, हिचा अनुभव विशेष येतो. मूलतः ही संरक्षक योजना आहे. ती नसती, तर अर्ध्यावर तुटलेल्या प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हर अनिश्चित काळ अडकून पडला असता. मात्र मर्यादा कामाच्या मानाने अपुरी असल्यास तीच अडथळा ठरते.

पार्श्वभूमी : सामाईक साधनावर एकाच वेळी अनेकांनी मागणी केल्यास प्रतीक्षा किती करावी लागेल, याचा गणिती विचार डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारूप एर्लांग (१८७८–१९२९) यांनी टेलिफोन केंद्रांच्या संदर्भात १९०९ मध्ये मांडला. सर्व्हरवरील गर्दीलाही तोच विचार लागू पडतो. जालपृष्ठावरील अर्जातून फाइल पाठविण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रस्तावरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे कॅमेरे व मोबाइल संच यांची क्षमता वाढून छायाचित्रांचे आकारमान अनेक पटींनी वाढले. सर्व्हरच्या मूळ मर्यादा पुष्कळ ठिकाणी तशाच राहिल्या.

कारणे : (१) जोडणीचा वेग : जाल-जोडणीत माहिती उतरविण्याच्या वेगापेक्षा चढविण्याचा वेग बहुधा कमी असतो. समजा, शिरूर येथील एखाद्या छायाचित्रकारास प्रत्येकी ५ मेगाबाइटची २०० छायाचित्रे चढवावयाची आहेत. एकूण १,००० मेगाबाइट म्हणजे ८,००० मेगाबिट होतात. वेग सेकंदास २ मेगाबिट असेल, तर एका छायाचित्रास २० सेकंद व सर्वांस ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागतो. (२) साखळीतील वेगवेगळ्या मर्यादा : मागणी ब्राउझर, दर्शनी सर्व्हर, मागील कार्यक्रम व विदासंचय अशा टप्प्यांतून जाते. प्रत्येक टप्प्याची मर्यादा स्वतंत्र असून सर्वांत आखूड मर्यादा निर्णायक ठरते. एन्जिनएक्स हा दर्शनी सर्व्हर मागील सर्व्हरकडून काहीच न आल्यास मूळ मांडणीत ६० सेकंदांनी वाट पाहणे सोडतो. पीएचपी भाषेतील कार्यक्रमाची मूळ कार्यकालमर्यादा ३० सेकंद आहे. (३) प्रतिमासंस्करण : छायाचित्र पोहोचल्यावर त्याची लघुप्रतिमा बनविण्यासाठी ते स्मृतीत उलगडावे लागते. ४,००० × ३,००० बिंदूंच्या चित्रास, दर बिंदूस ४ बाइट धरल्यास, सुमारे ४८ मेगाबाइट स्मृती लागते. संकुचित फाइल मात्र ५ मेगाबाइटचीच दिसते. अशी अनेक चित्रे एकाच मागणीत उलगडू लागल्यास काळ व स्मृती दोन्ही अपुरी पडतात.

निदान : सर्व्हर परत पाठवितो तो सांकेतिक क्रमांक प्रथम पाहावा. ४०८ म्हणजे मागणीच वेळेत पोहोचली नाही. ५०४ म्हणजे दर्शनी सर्व्हरला मागील सर्व्हरचे उत्तर वेळेत मिळाले नाही. ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती उपलब्ध नाही. ४१३ हा क्रमांक कालसमाप्तीचा नसून आकारमान मर्यादेबाहेर गेल्याचा आहे, आणि स्मृती संपल्यास पुष्कळदा ५०० हा क्रमांक येतो. या दोन्ही प्रसंगी काळाची मर्यादा वाढवून उपयोग होत नाही. पीएचपीमध्ये मूळ मर्यादा एका फाइलीस २ मेगाबाइट, एका मागणीस ८ मेगाबाइट व एका मागणीत २० फाइली अशा आहेत. त्यांपैकी शेवटची ओलांडल्यास वरकड फाइली गाळल्या जातात आणि वापरणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

यानंतर क्रमाने चाचणी घ्यावी. एक लहान चित्र, मग एक मोठे चित्र व शेवटी गट पाठवावा. लहान चित्र जाऊन मोठे अडल्यास आकारमान किंवा स्मृती यांची शंका घ्यावी. प्रत्येक चित्र एकेकटे जाऊन गट अडल्यास एकूण आकारमान, संख्या किंवा काळ कारणीभूत असतो. दर वेळी नेमक्या त्याच सेकंदास जोडणी तुटत असल्यास मांडणीतील एखादी मर्यादा, तर अनियमित वेळी तुटत असल्यास जोडणीचा दोष संभवतो. सर्व्हरच्या नोंदवहीतील वेळा पडताळल्यास निष्कर्ष पक्का होतो.

उपाय : केवळ मर्यादा वाढविणे हा सोपा, पण महागडा उपाय होय. सर्व्हरवर एका वेळी २० मागण्या हाताळण्याची सोय असेल व त्या प्रत्येकी पाच मिनिटे अडून राहिल्या, तर एकविसाव्या मागणीस तिष्ठत राहावे लागते. दौंड जंक्शनवर पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दुसऱ्या टोकास जोडावे लागे. हा खोळंबा थांब्याची वेळ वाढवून मिटण्यासारखा नव्हता. जंक्शन टाळणाऱ्या कॉर्ड मार्गाने तो बऱ्याच गाड्यांपुरता मिटला. येथेही रचनाच बदलणे श्रेयस्कर असते. त्यासाठी गटाऐवजी एका मागणीत एकच चित्र पाठवावे; मोठी फाइल तुकड्यांनी पाठवून, तुटल्यास शेवटच्या पोहोचलेल्या तुकड्यापासून पुढे चालू करावी; आणि सर्व्हरने चित्र साठवून लगेच पोच द्यावी व लघुप्रतिमांचे काम मागाहून रांगेने उरकावे. पुन्हा प्रयत्न करताना १, २, ४, ८ सेकंद असे अंतर वाढवीत जावे. सर्वांनी एकाच क्षणी पुन्हा धडका दिल्यास खचलेला सर्व्हर सावरू शकत नाही.

चित्र आधीच लहान केल्यास वेळ वाचतो. मात्र काही साधने त्या वेळी चित्रातील दिनांक व अक्षांश-रेखांश यांच्या नोंदी पुसून टाकतात. पुरावा म्हणून उपयोगी पडणाऱ्या चित्रांची मूळ प्रत म्हणूनच जपून ठेवावी. कालसमाप्ती झाली म्हणजे चित्र पोहोचलेच नाही, असेही नाही. कित्येकदा चित्र साठविले जाते व केवळ पोच हरवते. पुन्हा पाठविण्यापूर्वी दालनातील संख्या मोजल्यास दुबार नोंदी टळतात.

ग्रामीण जीवनातील महत्त्व : घोड नदीकाठचे शिरूर व भीमेकाठचे दौंड या तालुक्यांत हा प्रश्न हौशी छायाचित्रदालनांपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह मोबाइलवरून पाठवितो व त्यावरून सातबारावर पिकाची नोंद होते. पीकविमा, नुकसानभरपाई, शासकीय खरेदी अशा कामी ही नोंद लागते. मुदतीच्या अखेरीस एकाच वेळी असंख्य नोंदी येऊ लागल्या म्हणजे एर्लांग यांनी वर्णिलेली गर्दी प्रत्यक्षात उतरते; एकाहून अधिक हंगामांत ही मुदत वाढवावी लागली आहे. छायाचित्र शिवारात घेऊन मोबाइलवर साठविणे व चांगल्या जोडणीच्या जागी, गर्दी नसताना, ते पाठविणे हे दोन टप्पे वेगळे ठेवता येतात, हे अशा योजनांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. छायाचित्र पोहोचण्यावर जेथे हक्क अवलंबून असतो, तेथे मिळालेली पोच पाहिल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये.