युद्ध संपण्याआधीच युद्धाचं संग्रहालय

५ मार्च १९१७ या दिवशी पहिलं महायुद्ध कोण जिंकणार, हे लंडनमध्ये कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी मालवाहू जहाजं बुडवत होत्या, फ्रान्समधल्या खंदकांत माणसं मरत होती. आणि त्या दिवशी ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने सर आल्फ्रेड माँड यांचा एक प्रस्ताव मंजूर केला. याच युद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय उभारायचं आणि वस्तू आतापासूनच गोळा करायच्या! हरलो तर काय, हा प्रश्न त्यांच्याही मनात आला असेलच, तरी काम सुरू झालं. मला याचं नवल आजही ओसरत नाही.

या युद्धात आपली माणसंही होती. प्रस्तावानंतर सहाच दिवसांनी, ११ मार्चला, ब्रिटिश-हिंदी फौज बगदादमध्ये शिरली. वर्षभरापूर्वी त्याच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराचा वेढा १४७ दिवस चालला होता आणि २९ एप्रिल १९१६ रोजी अडकलेल्या फौजेला शरण जावं लागलं होतं. त्या फौजेचा गाभा होता सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण होती. देशावरचे मराठे, आणि आमचं विचुंबं गाव आणि पनवेल ज्यात मोडायचं त्या कुलाबा जिल्ह्यातले, रत्नागिरीतले कोकणी मराठे या पलटणींत भरती होत.

आता लंडनमधल्या संग्रहालयाच्या कामाकडे वळू. टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागाराचे प्रमुख चार्ल्स फूक्स यांना पहिले क्युरेटर नेमलं, सर मार्टिन कॉनवे महासंचालक झाले. भूदल, नौदल, दारूगोळ्याचे कारखाने, स्त्रियांचं काम अशा वाटण्या करून उपसमित्या बसवल्या. जुलैमध्ये माँड स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आले. वस्तूंचा तुटवडा नव्हताच, रणांगणावर त्यांचे ढीग पडले होते. अवघड होतं ते वस्तूची हकिगत तिच्यासोबत जिवंत ठेवणं.

एक उदाहरण बघा. ५.५ इंची नौदल तोफ. नुसती ठेवली तर काही टन पोलाद. पण ही तोफ ‘चेस्टर’ जहाजावरची आहे. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या सागरी लढाईत तिच्याभोवतीची माणसं पडली, आणि सोळा वर्षांचा जॅक कॉर्नवेल गंभीर जखमी होऊनही हुकमाची वाट पाहत तिच्यापाशी उभा राहिला. २ जूनला तो गेला. एवढं कळल्यावर त्या पोलादासमोरून तुम्ही सहज पुढे सरकून दाखवा! ही माहिती वेळीच टिपली नाही, तर सांगणारेच उरत नाहीत. संग्रहालयशास्त्र ज्याला नोंद म्हणतं ती अशी काळाच्या तोंडातून काढावी लागते.

ऑस्ट्रेलियाने तर सैनिकांनाच नोंदकार केलं. मे १९१७ मध्ये लंडनमध्ये जॉन ट्रेलोअर या तरुण अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचा युद्धनोंद विभाग सुरू झाला. पलटणींना चिठ्ठ्या दिल्या गेल्या. सापडलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधायची आणि ती कुठली, कशी मिळाली ते लिहायचं. गोळे पडत असताना चिखलात बसून कुणीतरी हे लिहीत होतं. युद्धअखेर सुमारे २५ हजार वस्तू जमल्या होत्या.

लंडनच्या स्त्रीकार्य उपसमितीत अ‍ॅग्नेस कॉनवे मानद सचिव होत्या. युद्धसेवेत मरण पावलेल्या स्त्रियांच्या घरी समितीने पत्रं पाठवून फोटो मागवले. मुलगी नुकती गेलेली, आणि दारात असं पत्र! तरी लोकांनी फोटो पाठवले. ऑक्टोबर १९१८ मध्ये व्हाइटचॅपलच्या कलादालनात ते मांडले गेले, तेव्हाही युद्ध चालूच होतं.

डिसेंबर १९१७ मध्ये संग्रहालयाच्या हिंदुस्थान व वसाहतींसाठीच्या समितीच्या ठरावानंतर ‘नॅशनल’ हा शब्द जाऊन ‘इम्पीरियल वॉर म्युझियम’ हे नाव आलं. ९ जून १९२० रोजी ते क्रिस्टल पॅलेसमध्ये उघडलं आणि नोव्हेंबर १९२१ पर्यंत तेवीस लाखांच्या आसपास माणसं ते बघून गेली.

इकडे मुंबईत नेमकं उलट घडत होतं. पनवेलहून हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरून थोडं चाललं की लागणारं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९१४ मध्ये बांधून तयार होतं. पण तिथे वस्तूंऐवजी खाटा आल्या. युद्धकाळात ते लष्करी इस्पितळ झालं आणि संग्रहालय म्हणून १९२२ च्या जानेवारीत उघडलं.

दुसऱ्या महायुद्धात तर लंडनच्या संग्रहालयातल्या अठरा तोफा परत लष्कराने कामाला नेल्या. १९४१ च्या जानेवारीत बॉम्ब पडून जटलंडच्या लढाईत उडालेलं तिथलं विमान मोडलं. प्रदर्शनात ठेवलेलं युद्ध पुन्हा युद्धावर गेलं!

आपल्याकडच्या वस्तू मात्र बहुतेक घरांतच राहिल्या. साताऱ्याच्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. अशा गावांत आजही पेटीच्या तळाशी एखादं पदक निघू शकतं. निघालं, तर राजाच्या मुखवट्यापाशी थांबू नका. १९१४ ते १९१८ च्या त्या चांदीच्या पदकाची कड उजेडात धरून हळूहळू फिरवा. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण, सगळं त्या अरुंद कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं असतं. झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडात जास्त नीट लागतात. वाचता येतील तेवढी उतरवून घ्या, आणि पदक घासून चकचकीत करू नका, कारण प्रत्येक घासणीला ती अक्षरं आणखी पुसट होतात.